सात नंबरची नळी

माझ्या वडिलांनी आयुष्यात दोन कामं केली. अल्लीपूरच्या बाजार चौकात किराणा दुकान काढलं, हे पहिलं. ते दुकान आईच्या गळ्यात घालून स्वतः पूर्वजांच्या शोधात हिंडले, हे दुसरं. पहिल्या कामाला त्यांना सहा महिने लागले. दुसऱ्याला पंधरा वर्षं लागली, आणि त्या पंधरा वर्षांत आमच्या घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

त्यांचं नाव पुंडलिकराव. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं पेन गिऱ्हाइकांसाठी आणि लाल पेन वंशावळीसाठी. वंशावळ म्हणजे जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना डकवून केलेली गुंडाळी. १९९१ साली ती हातभर होती, मी कॉलेजात जाईपर्यंत भिंतीला पुरेना. ती साखरेच्या पोत्यावर ठेवलेली असायची आणि दुकानात कोणी फुरसतीचा माणूस दिसला की उलगडली जायची. हळद घ्यायला आलेल्या माणसाला आमचे मूळपुरुष हरजी मारवाडातून बैलगाड्या घेऊन कसे आले, ते ऐकल्याशिवाय हळद मिळत नसे. आधी त्या गाड्या तीन होत्या. बाबा दुसऱ्यांदा मारवाडात जाऊन आले तेव्हा सात झाल्या. छापखान्याची गोष्ट निघाली तेव्हा अकरा.

"बाबा, दोन वर्षांत चार गाड्या वाढल्या?" मी एकदा विचारलं.

"तुले काय समजते? मांगून आलेल्या गाड्या मोजाच्या राहून गेलत्या."

हरजींपासून खाली लाल गोलांत सगळे पुरुष होते. बाया नव्हत्या. ज्यांच्या पोटी हे पुरुष जन्मले त्याही नव्हत्या. माझी मोठी बहीण मोहिनी नव्हती, मी नव्हते, आणि जिच्या जिवावर हे चाललं होतं ती आई, प्रमिलाबाई, तीही नव्हती. आमच्या घराण्याच्या फांदीवर तीन पिढ्या एकेकच मुलगा झालेला. नानाजींचा तानबा, तानबांचे माझे आजोबा, आजोबांचे बाबा. बाबांच्या गोलाखाली कॅलेंडरचा कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाकडे बोट दाखवून मी एकदा म्हटलं, "इथे आम्ही आहोत." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ते जागा मार्जिन हाये."

आई यावर एकच म्हण म्हणायची आणि तराजूत डाळ ओतत राहायची. "ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ पाहू नाई." पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी लगेच डबा बांधायला सांगायचं, कारण सकाळची गाडी असायची. बुऱ्हाणपूर, उज्जैन, मारवाडात चार वेळा. कुठेतरी कोणीतरी आमच्या आडनावाचा माणूस आहे असं कळलं की हे निघाले. परत येताना ताप, जुलाब आणि दोन नवीन नावं घेऊन यायचे.

दर पाच-सहा वर्षांनी प्रेमदास भाट यायचा. हे भाट पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांची वंशावळ आपल्या वह्यांत ठेवतात. घरोघरी मुक्काम करतात, नावं वाचतात, नवीन जन्मलेली मुलं लिहून घेतात आणि धोतरजोडी घेऊन पुढच्या गावाला जातात. १९९३ साली तो आमच्या ओसरीवर बसला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांचे लांबचे चुलतभाऊ किसनराव, त्यांची मुलं, सगळे भाऊबंद जमले होते. भाट सुरात एकेक नाव घेत खाली उतरत होता. तो नानाजींपाशी आला आणि बाबा एकदम उठले.

"मयुरे, च्या आण. प्रमिला, लाडू कुठी हायेत? किसन, जा गा, पान घेऊन ये. पोट्टेहो, बाहेर खेळा!"

अर्ध्या मिनिटात ओसरी रिकामी. मी धावत चहा घेऊन आले तर भाट आजोबांवर पोचला होता आणि बाबा त्याच्या हातात जादा धोतरजोडी देत होते. घाईत चहा माझ्या पायावर सांडला, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात आहे. फोड पंधरा दिवस होता. बाबांनी त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

मी पुढे वर्ध्यात बी.एस्सी. केलं, लॅबचा कोर्स केला आणि एका पॅथॉलॉजीत नोकरीला लागले. वाटलं, सुटले. दुसऱ्यांचं रक्त, दुसऱ्यांची लघवी, पण पूर्वज नकोत. तिथे दोन वर्षं झाली आणि २००४ साली एका संशोधन प्रकल्पाची जाहिरात आली. जिल्ह्यातल्या गावांत फिरून नमुने गोळा करायला माणसं हवी होती, पगार दीडपट. मी अर्ज केला. कशाचे नमुने ते मुलाखतीत कळलं आणि मी कपाळाला हात लावला.

प्रकल्पाच्या प्रमुख कोकिळा मॅडम. बारीक चणीच्या, आवाज मात्र शाळेच्या हेडमास्तरांचा. त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. प्रत्येक पुरुषाच्या रक्तात एक गुणसूत्र असं असतं जे त्याला फक्त बापाकडून मिळतं. बापाला त्याच्या बापाकडून. ते पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ जसंच्या तसं खाली येतं. मध्येच कधीतरी, शेकडो वर्षांत, त्यात एखादा बारीक फरक पडतो आणि मग तो फरक पुढच्या सगळ्या मुलांच्या मुलांत राहतो. कोणाच्या रक्तात कोणते फरक आहेत ते जुळवत मागे मागे गेलं, की माणसं आफ्रिकेतून निघाल्यापासून कोणत्या वाटेनं, साधारण कधी कुठे पोचली त्याचा अंदाज येतो.

"आणि बाईच्या रक्तात?" मी विचारलं.

"ते गुणसूत्र बाईत नसतंच. तुझ्यात नाही, माझ्यातही नाही."

म्हणजे विज्ञानसुद्धा बाबांच्याच बाजूचं. तिथेही मी मार्जिनच.

मी ही गोष्ट आईला सांगायला नको होती, तिनं ती बाबांना सांगितली. बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं वर्ध्याला हजर. खोलीच्या दारात गुंडाळी काखेत घेऊन उभे. "पोरी, आता माह्या कामाले सरकारी मोहोर लागते पाय!" प्रकल्प सरकारी नव्हता, पण ते ऐकणार कोण?

अल्लीपुरात शिबिर ठरलं २००५ च्या जानेवारीत. माणसं गोळा करायला गावचा जाणता माणूस हवा होता आणि मॅडमना साहजिकच माझे वडील सोयीचे वाटले. मी बाबांना तीनदा बजावलं, कागदावर लिहून दिलं. एका कुळाचा एकच पुरुष हवा. ज्यांचे पणजोबा एक, असे दोघंही नकोत. गावातल्या सगळ्या जातींचे, सगळ्या आळ्यांचे, निरनिराळ्या घराण्यांचे वीस जण पाठवा. त्याच दिवशी माझी नेमणूक वडनेरच्या शिबिरात होती, म्हणून अल्लीपुरात प्रफुल गेला. प्रफुल हा आमच्यातला सगळ्यात सज्जन आणि सगळ्यात निरुपयोगी.

संध्याकाळी बर्फाची पेटी उघडली. एकोणीस नळ्या. एकोणीस संमतिपत्रं. एकोणीस वेळा आमचं आडनाव.

"प्रफुल, हे काय आहे?"

"ताई, तुमच्या बाबांनी तर्री-पोहे खाऊ घातले," तो म्हणाला, जणू यात सगळं आलं.

झालं असं होतं की बाबांनी इतर कुळांच्या माणसांना परत पाठवलं होतं. सकाळपासून रांगेत उभे असलेले लोक! "आज आमच्या घरचं हाये, तुमचं मंग पाहू," असं सांगून. लग्नाच्या पंगतीत आधी घरचे भाऊबंद बसवतात तसे त्यांनी भाऊबंद बसवले होते. त्यांच्या मते एकाच कुळाचे एकोणीस पुरुष म्हणजे एकोणीसपट पुरावा. माझा कागद त्यांनी वाचला होता. त्यांना वाटलं, तो बाकीच्यांसाठी आहे.

मॅडमनी मला उभं-आडवं झोडपलं. एकाच घराण्याच्या एकोणीस नळ्या म्हणजे प्रकल्पाच्या हिशेबी एक नळी, बाकी अठरा वाया. शेवटी त्या म्हणाल्या, आल्याच आहेत तर तपासा, जवळच्या भावकीत किती बारीक फरक पडतात ते तरी कळेल.

यादी उतरवून घेताना एक गोष्ट मला खटकली. शाळेच्या संमेलनात पहिल्या खुर्चीवर बसणारे, रेशनच्या रांगेतही पहिले उभे राहणारे माझे वडील इथे सातव्या नंबरावर होते. किसनराव पहिले, बाबा सातवे. मधोमध, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत असे.

मग सुरू झाले फोन. दर रविवारी, चौकातल्या पी.सी.ओ.तून. "आला का रिझल्ट?" हिंगणघाटच्या छापखान्यात पुस्तक तयार होत होतं, कुळाचा इतिहास, तीनशे प्रती. त्यात पान तीन कोरं ठेवलेलं. त्या पानावर कोकिळा मॅडमच्या सहीनिशी छापायचं होतं की हे सगळे एकोणीस जण एका रक्ताचे. मी सांगून थकले की असं पत्र मिळत नसतं, कोणाचा नमुना काय निघाला हे आम्ही सांगत नाही, तसं संमतिपत्रावर लिहिलंय आणि तुम्ही त्याच्यावर सही केली आहे.

"सही इंग्लिशीतल्या कागदावर केली."

"मराठीत होता कागद, बाबा!"

"मंग चष्मा नसंन."

ऑक्टोबरात आकडे आले. प्रत्येक नळीच्या सतरा जागा तपासलेल्या, प्रत्येक जागेचा एक आकडा. एकोणीस ओळी एकाखाली एक. अठरा ओळी सारख्या, कुठे एखादा आकडा इकडचा तिकडे, जसा भावकीत पडतो. सातवी ओळ वेगळी. एक-दोन नाही, बारा जागी वेगळी.

माझं डोकं आधी प्रफुलवर फिरलं. नळी बदलली असणार या पोहेखाऊनं! मी त्याला सगळ्यांसमोर बोलले, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्या रक्तावर पुन्हा तपासणी केली. तीच ओळ. मग मी तो आकड्यांचा नमुना सगळ्या जिल्ह्याच्या नमुन्यांशी लावून पाहिला आणि एक जुळला, सतरापैकी सोळा. वडनेर, नळी बारा. ती मीच भरली होती. कापड दुकानदार होता, रक्त देताना दीड तास स्वतःच्या पूर्वजांबद्दल बोलला होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पण त्या वेळी मला हसू आलं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायची मला अजून लाज वाटते. भिंतीवरच्या फोटोतली आजी डोळ्यांसमोर आली, डोक्यावर पदर घेतलेली, आणि मी त्या बिचारीबद्दल नको ते मनात आणलं. आठ दिवस मला झोप लागली नाही. कोणाशी बोलायची सोय नाही. संमतिपत्रावर जशी बाबांची सही होती तशी गुप्ततेच्या कागदावर माझी होती. एका माणसानं आयुष्य घालून एक झाड काढलं आणि मी, जिला त्या झाडावर जागा नाही, तिला एकटीला माहीत की तो त्या झाडाचा नाही.

मॅडमना सातवी नळी कोणाची हे माहीत नव्हतं. एकदा सहज त्या म्हणाल्या, "ही अठरा जणांची फांदी वायव्येकडे पुष्कळ सापडते, तिकडून कधीतरी खाली आलेली असू शकते. पण ही सातवी बघ, ही इथली. तीस-पस्तीस हजार वर्षं तरी या देशात असेल." म्हणजे आमच्या घरात मारवाडातून आलेले खरोखर होते, फक्त मारवाडात चकरा मारणारा तेवढा नव्हता. हे मी कोणाला सांगू?

डिसेंबरात नागदिवाळी आली. मार्गशीर्षातल्या पंचमीला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने कणकेचा एकेक दिवा उकडतात, त्यात तूप-वात घालून लावतात. सगळी भावकी आमच्या घरी जमते, कारण बाबा सगळ्यांत वडील. दिवे करतात आनंदाकाकू, बाबांच्या चुलत चुलत्यांची बायको. वय ऐंशीच्या वर, कानानं कमी, पण प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन दिवा वळतात, कालपरवा जन्मलेल्याचाही चुकत नाही. पहिला दिवा मूळपुरुषाचा, तो बाबांनी लावायचा. आणि तूप वडनेरहून आणायचं. का, ते कोणी विचारत नसे. रीत. किसनराव दरवर्षी डबा घेऊन जात आणि तूप घेऊन येत. बाबा दरवर्षी यावरून तणतणत. "दुकानात तूप असतानी वडनेरले कायले जाता? बंद करा हे!" आनंदाकाकूंना तेवढं नेमकं ऐकू यायचं नाही.

मी दुपारी अल्लीपूरला पोचले. दुकानात बाबा एकटेच, आई आत पुरण वाटत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. प्रफुलनं शिबिराच्या दिवशी दिलेली नंबराची चिठ्ठी. सात.

"पत्र नाही मिळणार," मी आधीच तुटून पडले. "किती वेळा सांगू? पान तीनवर देवाचा फोटो छापा!"

"पत्र नोको मले," ते हळू म्हणाले. "सात नंबर येगळा निघाला ना?"

मी चिठ्ठी उलटी करून ठेवली. सही होती माझी. पण माझं तोंड लपवता आलं नसावं.

"मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "मी नऊ वर्सांचा होतो. विहिरीवर एक म्हातारी दुसरीले सांगून राह्यलती, तानबा कई नानाजीचा होता, तो तं वडनेरचा, बहिणीचं पोरगं, दत्तक आणलेलं. मी मांगं उभा होतो. ते म्हातारी त्याच साली मेली. मी कोणाले सांगतलं नाई."

दत्तक. म्हणजे आजीचा काही दोष नाही. मला आजीच्या फोटोला नमस्कार करावासा वाटला आणि समोरच्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं.

"आणि भाटाच्या वहीत?"

"त्याच्याबी वहीत तेच होतं. त्याले म्या म्हटलं, एवढं वाचू नोको." म्हणजे माझ्या पायावरचा फोड त्यासाठी होता.

"अहो मग कशाला?" मी ओरडलेच. "अठ्ठावन्न वर्षं माहीत आहे, तरी मारवाड, तरी उज्जैन, आई इथे तराजू धरून म्हातारी झाली! आणि माहीत असताना रक्त कशाला दिलं?"

त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"वाटलं, म्हातारी चुकली असंन. भाट चुकला असंन. नानाजीनं आपल्याच भावकीतलं पोरगं घेतलं असंन. मशीन खोटं बोलत नाई म्हणतेत. मशीननं म्हटलं असतं का तू ह्या भावकीचाच हायेस, तं मी सुटलो असतो. एवढा मोठा कागद म्या भरला, पोरी. सगळ्यायले त्याच्यात बसवलं. अन् मलेच कुठी बसवू ते समजत नाई."

माझा राग कुठे ठेवावा मला कळेना. त्या माणसाचं त्या कागदावर मार्जिनच होतं, माझ्यासारखंच. पण दया आली म्हणून पंधरा वर्षांचा वैताग जात नाही. मी आत गेले आणि आईच्या हातातून पाटा-वरवंटा ओढून घेतला.

संध्याकाळी ओसरीत एक्केचाळीस दिवे मांडले. मुलं, सुना, किसनराव, आनंदाकाकू पाटावर. काकूंनी काडी पुढे केली. बाबा उठले नाहीत.

"किसन, तू लाव."

"काऊन भाऊ? तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाये. हा दिवा लावाचा माहा हक नाई. पुस्तकबी छापू नोका. माहा आजा तानबा नानाजीचा नोयता. दत्तक होता. वडनेरचा. मी तुमच्या रक्तातला नाई." एवढं बोलून ते खाली मान घालून बसले, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

मला वाटलं, संपलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाला आता भावकी उठवणार.

किसनराव डोकं खाजवत होते. "भाऊ," ते म्हणाले, "हे तुमाले मालूम होतं?"

"म्हंजे?"

"आमाले सगळ्यायले मालूम हाये. माह्या बापानं मले लहानपणीच सांगतलं. अन् सांगतलं का पुंडलिकले मालूम नाई, त्याच्यापुढं कोणी बोलाचं नाई, त्याले वाईट वाटन. म्हणून तं तुमी हे गुंडाळी उघडली का आमी पान खाले जातो."

मी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. सुना मान हलवत होत्या. दहावीतल्या पुतण्यालाही माहीत होतं. मी आईकडे पाहिलं. आई पदरात वाती मोजत होती.

"आई, तुलासुद्धा?"

"लग्न झालं त्याच साली काकूनं सांगतलं," आई म्हणाली. "मले वाटे, यायले मालूम झालं तं दुकानात बसतीन तरी का आजारी पडतीन? फिरून राह्यले तं फिरू द्या."

इतकी वर्षं! एका बाजूला हा माणूस सगळ्यांपासून लपवतोय आणि दुसऱ्या बाजूला चाळीस माणसं ह्या माणसापासून लपवतायत, तीच एक गोष्ट. आणि मी मधे गुप्ततेच्या कागदावर सही करून आठ रात्री जागतेय. या घरात कोणाला तोंड दिलंय की नाही देवानं?

आनंदाकाकूंना अर्धंच ऐकू आलं होतं. कोणीतरी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. त्या बाबांवर खेकसल्या.

"तानबा मामंजीचा? मले नाई मालूम होईन? त्यायचा दिवा चार वर्सं ह्या हातानं केला. अरे, वडनेरचं तूप कायले येते मंग? त्यायच्या मायनं पोरगं देतानी सांगतलं होतं, लेकरू तुमाले देतो, पण त्याच्या दिव्याचं तूप माह्या घरचं राहीन. नानाजीनं कबूल केलं. तवापासून त्यायच्या घरून येते. ते माय मेली, तिची सून मेली, तरी येऊन राह्यलं. एक्केचाळीस दिव्यायले पुरते एवढं देतेत. अन् तू म्हणतो, बंद करा!"

बाबा त्या तुपाच्या डब्याकडे पाहत राहिले. जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा डबा, कडेला पोचा आलेला. दरवर्षी त्यांच्या डोळ्यांसमोरून आत जाणारा. आणि एवढे मारवाड-उज्जैन करणारे माझे वडील तासाभराच्या रस्त्यावरच्या त्या गावाला जन्मात एकदाही गेले नव्हते. वडनेरवरून एस.टी. जायची तेव्हा ते दुसऱ्या खिडकीकडे बघायचे, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या वडिलांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"लाव ना बापा आता," आनंदाकाकू म्हणाल्या. "थंडी हाये, तूप थिजून राह्यलं."

किसनरावांनी त्यांच्या हातात काडी दिली. बाबांनी पहिला दिवा लावला आणि मग न विचारता बाकीचे चाळीसही लावत सुटले. प्रत्येकानं आपापला लावायचा असतो. पोट्टे कुरकुरले, पण कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ये रे माझ्या मागल्या. बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, गुंडाळी काखेत घेऊन तयार. कॅलेंडरची दोन नवी पानं डकवलेली, त्यावर लाल शाईत तानबांच्या आईचं, म्हणजे नानाजींच्या बहिणीचं नाव. तेवढं आनंदाकाकूंना आठवत होतं, सुमित्राबाई. एवढ्या मोठ्या कागदावरचं पहिलं बाईचं नाव.

"आठची एस.टी. हाये," ते म्हणाले. "वडनेरले जाऊन येतो."

आई उठली. तिनं तो पोचा आलेला डबा घासून आणला आणि दुकानातला गूळ त्यात काठोकाठ भरला.

"रिकामा नोका देजा," ती म्हणाली. मग तराजू पुसला, आणि गल्ल्यावर जाऊन बसली.